कुलूप तुटलेलं नव्हतं

प्रिय मुन-सिक,

त्या रविवारी सकाळी मी काय काय केलं ते मला क्रमाने आठवतं, कारण नंतर तेच सारखं मनात घोळवत बसलो. आधी न्याहारीची भांडी धुतली. घडीची टेबलं मिटली. शेगडी तिच्या पेटीत ठेवली, तिच्याशेजारी बॅटरीचा ठोकळा, त्यावर मांस भाजायचा लोखंडी तवा. सगळ्यांच्या कड्यांतून तारेचा दोर ओवला, कॅराव्हॅनच्या ॲक्सलभोवती फिरवून आणला, कुलूप लावलं, आकडे विस्कटले आणि दोर ओढून बघितला. यंग-रान प्रार्थनेला जायचे बूट घालून केव्हाची उभी होती. “अहो, शेगडीच आहे ती, सोनं नव्हे. मिस्सा सुरू होईल तिकडे,” म्हणाली. तू तुझ्या कनातीखाली खुर्चीत पाय पसरून जवाचा चहा पीत होतास. मी नेहमीसारखं म्हटलं, “मुन-सिक, लक्ष ठेव रे.” आणि तूही नेहमीसारखं म्हणालास, “जा, जा. तुझ्या देवाला सांग, मी राखणीला बसलोय, माझी हजेरी इथूनच लाव म्हणावं.” यंग-रान खूप हसली. आम्ही नदीच्या बांधावरून गावातल्या त्या लहानशा प्रार्थनाघराकडे चालत गेलो. दोन्ही बाजूंना तेंदूसारखी ती आपली लालभडक गाम फळं लगडली होती. मला फार शांत वाटत होतं, हे मुद्दाम सांगतो.

परत आलो तेव्हा दोर जमिनीवर होता. तोडलेला नव्हता. छान वेटोळं करून ठेवला होता आणि वेटोळ्याच्या मधोमध कुलूप, उघडं. टेबलं जागच्या जागी होती. शेगडी, बॅटरी, तवा, तिन्ही वस्तू गेल्या होत्या. चोरी झाल्याचा धक्का बसलाच, पण त्याहून जास्त त्या वेटोळ्याने मी चरकलो. घाईत असलेला माणूस दोर असा गुंडाळून ठेवत नाही. तू भांडी धुवायच्या ओट्याकडून आलास, हातात ओलं पातेलं होतं. दोराकडे बघितलंस आणि तुझा चेहराच बदलला. “अरे, जरासा ओट्यावर गेलो तर! जरासा!” असं म्हणत तू पातेलं आपटलंस. मलाच तुझी समजूत घालावी लागली, आठवतं?

एवढी बंदोबस्ताची सवय मला तूच लावलीस. दोन वर्षांपूर्वी आपण जुन्या कॅराव्हॅन घेतल्या, तुझी निळ्या पट्ट्याची आणि माझी पोचे आलेली, तेव्हा मी सगळं सामान उघड्यावर टाकून डोंगरावर फिरायला जायचो. इथे कोण घेतंय, असंच आपल्या लोकांना वाटतं. चहाच्या दुकानात टेबलावर फोन ठेवून माणसं खुशाल संडासला जातात. मग पूर्वेकडच्या समुद्रावर पहिल्याच उन्हाळ्यात माझा कंदील गेला. मी म्हटलं, वाऱ्याने लोटला असेल पाण्यात. तू म्हणालास, “वाऱ्याला हात फुटतात का रे? थे-ग्युन, खेड्यातला तो खेड्यातलाच राहिलास.” पुढे डोंगरातल्या तळ्यावर घडीची खुर्ची गेली, तेव्हा तू मला दुकानात घेऊन गेलास. दोर तूच निवडलास. आकड्यांचं कुलूप तूच घेतलंस आणि त्यात आपले आकडेही पहिल्यांदा तूच बसवून दिलेस, कारण मला चष्मा लागतो आणि ते बारीक काम जमत नाही. रात्री सगळं आत घ्यायचं, कनातीबाहेर एक दिवा चालू ठेवायचा, महागाची वस्तू नेहमी गाडीच्या पलीकडच्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. वस्तूच्या पोटाखाली खूण कोरून ठेवायची. मी शेगडीच्या तळाला खिळ्याने छोटासा क्रूस कोरला होता. तू म्हणालास, “आता चोराला पापही लागेल.” आणि सगळ्यात मोठा बंदोबस्त म्हणजे शेजारी. दोन गाड्या लागून लावायच्या, एक कुटुंब गेलं तर दुसऱ्याने बसायचं. हे तर कुणी शिकवायलाच नको होतं.

त्या दुपारी सडसडीत पाइनच्या झाडांखाली सगळे गोळा झाले. आपण गाड्या लावतो त्या मुक्कामाच्या जागेच्या मालकीण योमकाकू कमरेवर हात ठेवून मध्ये उभ्या होत्या. “माझ्या जागेवर आजवर चमचा हरवला नाही,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग तू बोललास. अगदी हळू, दुःखी आवाजात बोललास. “काकू, कुलूप तुटलेलं नाही. म्हणजे कुणीतरी आकडे बघितलेत. काल संध्याकाळी थे-ग्युनने कुलूप उघडलं तेव्हा लाकडं घेऊन शेजारी कोण उभं होतं?” सगळ्यांच्या माना एकदम योमकाकूंच्या त्या कामगाराकडे, सोफातकडे वळल्या. तो पाण्याच्या नळाशी पानं झाडत होता. आपलं नाव निघालंय हे त्याला कळायलाच वेळ लागला.

मुन-सिक, सोफात माणूस कसा आहे ते तुला माहीत आहे. कंबोडियात त्याला मोठ्या मुली आहेत. सकाळी योमकाकूंच्या मिरच्यांच्या शेडमध्ये राबतो, दुपारी ही जागा झाडतो. योमकाकूंनी नोकरीवरून काढलं आणि त्यात चोरीचा ठपका लागला, तर त्याला इथे दुसरं कुणी ठेवणार नाही, परतच जावं लागेल. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणी काही विचारायच्या आधीच तो पळत आपल्या खोलीकडे गेला. कुणीतरी ओरडलं, “पळाला!” पण तो आपली बॅग घेऊन परत आला आणि मधल्या टेबलावर त्याने ती उलटी केली. सदरे, मोजे, दाढीचं सामान, मुलींचे फोटो, औषधाच्या गोळ्या. मग खिसे बाहेर काढून दाखवले, अस्तर लोंबत ठेवूनच उभा राहिला. आपल्या मोडक्या बोलीत म्हणाला, “बघा. सगळं बघा. मी नाही.” बायका खाली बघायला लागल्या. योमकाकूही गडबडल्या. तेव्हा तूच म्हणालास, “एवढं उघडून दाखवतोय म्हणजे माल आधीच कुठेतरी पोचवलेला असणार.” दोघेतिघे हसले. मी हसलो नाही, पण गप्प बसलो. सोफात मोज्यांच्या जोड्या लावून परत बॅगेत भरत होता, आणि त्या जोड्या जुळत नव्हत्या. योमकाकूंनी निकाल दिला, की पुढच्या रविवारपर्यंत वस्तू परत आल्या तर ठीक, नाहीतर त्याने जावं आणि सरकारी कचेरीत त्या तसं कळवतील.

तुझी कॅराव्हॅन तिथेच उभी होती, मुन-सिक. हातभर अंतरावर. आत बघावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

घरी आल्यावर यंग-रान म्हणाली, नवी शेगडी नको, जुनीच बघा एखादी. म्हणून एका सकाळी तांदूळ भिजत घालून मी फोनवर ते जवळपासच्या लोकांचं जुनं सामान विकायचं ॲप उघडलं. शेगड्या पुष्कळ होत्या. खाली सरकत गेलो आणि एक माझ्या शेगडीसारखीच दिसली. तशा शेगड्या गल्लोगल्ली विकल्या जातात, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं. पण ती जिथे ठेवून फोटो काढला होता ती जमीन मी ओळखली.

तुझी आई हिवाळ्यात चुलीत इतकी लाकडं घालायची, की जमिनीखालून खेळणाऱ्या त्या धगीने चुलीकडच्या अंगाची जमीन, म्हणजे तिच्यावर चिकटवलेला तो तेल पाजलेला पिवळा कागद, भाजून तपकिरी पडला होता. तसा डाग आपल्या गावात घरोघरी असायचा, पण तुमच्याकडच्या डागाला आपण दोघांनी वासरू म्हटलं होतं. त्याला शेपूट नव्हतं. शाळेतून आलो की एका गोधडीत पाय घालून आपण त्या वासरावर बसायचो, बुड भाजलं तरी उठायचं नाही अशी पैज असायची. तुझी आई रताळी सोलून थेट आपल्या तोंडात घालायची, आधी माझ्या, मग तुझ्या, कारण मी पाहुणा. मला आई नव्हती हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, रताळं तेवढं आधी मला दिलं. ती गेल्यापासून ते घर बंद आहे, छत गळतं, असं तू मला सांगितलं होतंस. आणि फोनवर वासराच्या पोटावर माझी शेगडी ठेवलेली होती. गाडीतून वस्तू काढून कुठे मांडायची, तर घरातल्या उबेच्या जागेवर. आपल्याकडचा माणूस दुसरं काय करणार? तुझ्या हाताने सवयीने ती तिथेच ठेवली असणार.

तांदूळ धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. यंग-रानने पातेलं हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, “अहो, हात बर्फासारखे झालेत. काय झालं?” मी म्हटलं, पाणी गार आहे.

मग मला वाटलं, मीच पापी, मीच मित्राबद्दल वाईट मनात आणतोय. तुझी स्वतःची शेगडी असेल, अडचण असेल, विकत असशील. म्हणून मी गिऱ्हाईक म्हणून निरोप पाठवला. नाव खरं नव्हतं टाकलं. विचारलं, तळाची बाजू दाखवाल का? लगेच फोटो आला. जिथे मी क्रूस कोरला होता, बरोबर तेवढीच जागा काचकागदाने घासून चकचकीत केली होती. बाकी तळ काळा. त्या चकचकीत ठिपक्याकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्याच विक्रेत्याने आधी विकलेल्या वस्तू खाली होत्या. त्यात कंदील होता. घडीची खुर्ची होती. समुद्र, तळं, नदी, सगळं तिथे एकाखाली एक होतं. आणि समुद्रावर सोफात नव्हता, तळ्यावर सोफात नव्हता. तिन्ही ठिकाणी माझ्याशेजारी फक्त तूच होतास. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात इतके दिवस शिरली नव्हती. शिरायला तिथे दारच नव्हतं.

तरीही खात्री हवी होती. आपल्या गावच्या बसथांब्यावर दुपारी भेटायचं ठरलं. मी रस्त्याच्या पलीकडे, खताच्या दुकानामागे गाडी लावून बसलो. देवाशी खोटं कशाला बोलू, मी जपमाळ हातात घेऊन प्रार्थना करत होतो, की दुसरा कुणीतरी येऊ दे. कुणीही. तुझा भाऊ, तुझं घर भाड्याने घेतलेला कुणी अनोळखी माणूस. तू आलास. ते राखाडी जॅकेट, डाव्या खांद्याने जरा झुकून चालणं. हातात पिशवी. बाकावर पिशवी ठेवलीस, शेगडी काढून बाहीने पुसलीस, परत आत घातलीस. थांबलास. एका म्हातारीला बसची वेळ सांगितलीस, तिचं ओझं उचलून बसमध्ये ठेवलंस. पुन्हा येऊन बसलास. मला गाडीचं दार उघडता येईना. तू निघून गेल्यावर फोन वाजला. त्या परक्या गिऱ्हाइकाला तू लिहिलं होतंस, “आला नाहीत, हरकत नाही. काही अडचण आली असेल. वारा सुटलाय, सांभाळून राहा.” मुन-सिक, तो निरोप वाचून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शेगडी चोरणारा माणूस समजू शकतो. खिसे उलटे केलेल्या माणसाला हसणारा माणूसही एक वेळ समजेल. पण हा निरोप लिहिणाराही तूच, हे मला अजून समजलेलं नाही.

परतताना तुझ्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानावरून गेलो. रंगकाम चाललंय म्हणून बंद आहे, असं तू वसंतात सांगितलं होतंस. तिथे आता कुणाचं तरी कॉफीचं दुकान आहे. शेजारचा न्हावी म्हणाला, “ते होय? ते केव्हाच गेले. जाताना सगळ्या गल्लीला कोंबडी वाटून गेले.” तू मला का सांगितलं नाहीस हे विचारायला मी हे लिहीत नाही. सांगितलं असतंस तर मी शेगडीच काय, गाडी दिली असती, हे तुलाही माहीत आहे, आणि कदाचित म्हणूनच सांगितलं नसशील.

त्या संध्याकाळी यंग-रानला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. तुझ्या बायकोचं, मी-ओकचं नाव दोनदा घेतलं. मी म्हटलं, मी एक मार्ग काढलाय. ती शेगडी मीच विकत घेतो, दुसऱ्या कुणाला पाठवून. मग योमकाकूंना सांगतो, की सापडली, माझ्याच गाडीत पलंगाखाली होती, माझीच चूक. सोफात सुटेल, मुन-सिकचंही झाकलं जाईल. माझा जरा वेडेपणा दिसेल, दिसू दे. यंग-रान म्हणाली, “आणि बॅटरी? तवा? तेही पलंगाखाली?” मी म्हटलं, तेही. ती म्हणाली, “अहो, सगळ्यांनी रिकामा दोर बघितलाय. लोक काय म्हणतील? त्या माणसाने भीतीने परत आणून टाकलं आणि थे-ग्युनने दया करून झाकलं, असं म्हणतील. तुमची वाहवा होईल आणि तो जन्मभर चोरच राहील.” मग डोळे पुसत म्हणाली, “मी-ओकसमोर मी कशी उभी राहू ते मला माहीत नाही. पण त्या माणसाने आपले मोजे टेबलावर मांडले होते हो. सगळ्यांसमोर.”

शनिवारी मी तुला फोन केला. आठवत असेल. म्हटलं, उद्या योमकाकू सोफातला काढणार आहेत, तुला काय वाटतं? मी वाट बघत होतो. तू एक शब्द बोलला असतास, अर्धा शब्द, तरी मी म्हटलं असतं, थांब, मी आलोच, आपण दोघे जाऊ. तू म्हणालास, “जाऊ दे रे. ही माणसं आज इथे, उद्या तिथे. त्यांना सवय असते.” आणि मग विचारलंस, पुढच्या आठवड्यात थंडी पडायच्या आधी एकदा समुद्रावर जाऊ या का. मी हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही.

आज रविवार. मी मिस्सेला गेलो नाही. सकाळीच योमकाकूंच्या जागेवर गेलो, सोफातची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. योमकाकूंना आणि त्याला गाडीत बसवलं आणि पोलीस चौकीत जाऊन ते फोटो, ते निरोप, सगळं दाखवलं आणि तुझं नाव सांगितलं. योमकाकू तोंडावर हात ठेवून बसून राहिल्या, मग उठून त्यांनी सोफातपुढे मान लववली, एवढ्या वयाच्या बाईने. सोफात मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हता. मला म्हणाला, “ते? निळ्या गाडीचे? ते मला कोंबडी द्यायचे.” त्याला माझ्याइतकाच धक्का बसला होता. बॅग परत त्याच्या खोलीत नेऊन ठेवली आहे. दोन-तीन दिवसांत तुझ्याकडे कुणीतरी येईल. ते तुला गणवेशातल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र लिहिलं. ते येण्याआधी तू आपणहून जायचं ठरवलंस तर मला फोन कर, रात्रीअपरात्री कर, मी तुला घेऊन जाईन आणि बाहेर बाकावर बसून राहीन. चौकीतल्या पोरसवदा अंमलदाराने शेवटी विचारलं, संशयिताशी तुमचं नातं काय? मी मित्र म्हटलं. त्याला वाटलं मी चुकून बोललो, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

तुझाच,
थे-ग्युन